मामांनी लावलेला व्हॉल

पाणी आपोआप उताराला लागतं यावर आमच्या मामेसासऱ्यांचा कधीच विश्वास नव्हता. सगळं जग शाळेत ते शिकतं आणि गप्प बसतं. मामांचं म्हणणं असं, की आपोआप धावतं ते पाणी उनाड. माणसाच्या हंड्यात पडायचं असेल तर त्याला कोणीतरी सांगावं लागतं. हे सांगायचं काम त्यांनी उभा जन्म केलं. रत्नागिरीहून पूर्णगडकडे जाताना सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, पोटाशी एक गाव लागतं (नाव घेत नाही, तिथली माणसं लगेच फोन करतात), त्या गावच्या नळपाणी योजनेचे ते व्हॉलवाले. कुठल्या वाडीला कधी पाणी सोडायचं आणि कधी थांबवायचं ते त्यांच्या हातात. तिथे व्हॉल्व्हला कोणी व्हॉल्व्ह म्हणत नाही, व्हॉल म्हणतात. मीही आता व्हॉलच म्हणतो. शेवटच्या जोडाक्षरासाठी लागणारी ताकद माझ्यात उरलेली नाही.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. लग्न ठरायच्या आधी ते आमचं मांडवीचं घर बघायला आले, तेव्हा माझी त्यांची पहिली गाठ. वडिलांनी खुर्ची पुढे केली, आईने पोहे आणले, आणि हे गृहस्थ सरळ मोरीत. नळ सोडला, तांब्या भरला, ओतला, पुन्हा भरला. ओठ हलत होते, म्हणजे मोजत होते. मग ओला हात पँटीला पुसत बाहेर आले आणि बरोबर आलेल्या माझ्या होणाऱ्या सासूबाईंना म्हणाले, ‘‘पानी बरं हाय. पोर सुखात ऱ्हाईल.’’ झालं! माझं शिक्षण काय, नोकरी काय, मला काही व्यसन आहे का, कोणी विचारलं नाही. बायको अजूनही भांडताना म्हणते, ‘‘मामांनी पाणी बघितलं, माणूस बघायचा राहिला.’’ यावर उत्तर शोधायचाही आता कंटाळा येतो.

कुणाच्याही घरी जाताना मामा रस्त्याने जायचे नाहीत. ते पाइपावरून जायचे. म्हणजे जमिनीखालून जिथून पाइप गेलाय, त्याच्या बरोबर वरून. मग वाटेत कुणाचा गोठा येवो, कुणाची अळवाची खाचरं येवोत, दगडांचा गडगा आडवा येवो, हे आपले चढून पलीकडे. एकदा त्यांच्या पुतणीच्या लग्नाला मी त्यांच्याबरोबर निघालो. नवे कपडे, हातात आहेराची पिशवी. तिघांच्या परसातून, एका म्हशीच्या अंगावरून म्हणायला हरकत नाही अशा बेताने आम्ही मांडवात मागच्या बाजूने, आचाऱ्यांच्या चुलीजवळ उगवलो. माझ्या विजारीला शेण. ‘‘मामा, रस्ता होता की हो!’’ मी म्हटलं. ‘‘रस्ता मानसांसाठी हाय,’’ मामा म्हणाले. आपण कोण ते त्यांनी सांगितलं नाही. माणसांची ओळखही ते पाइपांवरून ठेवायचे. अमकी कुणाची कोण असं विचारलं तर ‘‘ती दीड इंचीवरची’’ म्हणायचे. मला गावात सगळीकडे ‘‘हे आमचे जावई, बोरिंगवाले’’ असं फिरवलं, कारण आमच्या घरी तेव्हा बोरिंगचं पाणी होतं. पुढे नगरपालिकेचं पाणी आलं तरी मी बोरिंगवालाच राहिलो.

व्हॉल एकूण तेवीस. प्रत्येकाला नाव होतं आणि ते मामांनीच ठेवलेलं. फणसाखालचा, शाळेमागचा, ही सरळ नावं. पण एक ‘मारका’ होता, कारण त्याची चावी एकदा उलटी फिरून मामांच्या हनुवटीवर बसली होती. एक ‘मुका’ होता. आणि पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, तोंडाशी, जिथे टाकीकडून आलेला मोठा पाइप दुभंगतो, तिथे होता ‘रुसका’. चावी म्हणजे खिशातली चावी नव्हे बरं का. छातीपर्यंत येणारा लोखंडी दांडा, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. ती खांद्यावर टाकून मामा निघाले की वाटेतली कुत्रीदेखील उठून बाजूला व्हायची. एसटीतसुद्धा ती बरोबर. कंडक्टरने एकदा हटकलं तर म्हणाले, ‘‘ही हितं ऱ्हायली तर गावाचं पानी ऱ्हायलं. तुमी घेता का जबाबदारी?’’ कंडक्टरने घंटी मारली.

आता या रुसक्याचं सांगायलाच हवं, कारण सगळं रामायण तिथलं. दुभंगलेल्या पाइपाचा एक फाटा उतरून खालच्या वाडीला जातो आणि दुसरा पाखाडीने चढून कातळवाडीला. कातळवाडी वर, टाकीच्या जवळजवळ बरोबरीला, एकोणीस घरं. रुसका बसवलाय खालच्या फाट्यावर. तो पुरता उघडला की सगळं पाणी खाली पळतं, वर कातळवाडीला नळातून नुसता वारा. पुरता बंद केला की खालची वाडी काठ्या घेऊन येते. म्हणून मामांनी तो मधेच कुठेतरी ठेवलेला. चावीचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक आटा. रुसका पुरता उघडायला चौदा आटे लागतात. मामा साडेतीन आट्यांवर ठेवायचे. टाकी भरलेली असली तर साडेतीन, उन्हाळ्यात कमी, गणपतीला मुंबईकर आले आणि खालची बंद घरं उघडली की जास्त. मामींचं माहेर कातळवाडीचं. योजना यायच्या आधी लहानपणापासून विहिरीवरून हंडे चढवून मामींच्या टाळूवरचे केस घासून गेले होते, ते म्हातारपणापर्यंत परत आले नाहीत. मामा कधी याबद्दल बोलले नाहीत. मामी गेल्या, तरी सकाळ झाली की आधी रुसक्यापाशी, मग चहा. मुलगा डोंबिवलीहून सारखा बोलवायचा, ‘‘बाबा, एकटे काय राहता, या इकडे.’’ मामांचं उत्तर ठरलेलं, ‘‘कातळवाडीचं पानी कोनाच्या हातात देऊ?’’

अशात ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी रत्नागिरीत नकाशांच्या एका लहानशा ऑफिसात आहे. पंचेचाळिशी उलटली आणि त्यातली निम्मी वर्षं एका रेघेचं टोक दुसऱ्या रेघेला चिकटवण्यात गेली. या गावाच्या योजनेचा नकाशा संगणकात भरायचा होता. नुसता काढायचा नाही. टाकीवर बोट ठेवलं की पाणी कुठेकुठे जातं ते त्याने निळं करून दाखवायचं. एखाद्या घरावर बोट ठेवलं की ते पाणी कुठून आलं ते उलटं टाकीपर्यंत दाखवायचं. पाइप फुटला तर कुठला व्हॉल बंद करायचा आणि कोणकोण कोरडं राहील तेही सांगायचं. याला आम्ही ट्रेस म्हणतो. पाण्याचा माग काढणं, दुसरं काय! ऐकायला छान वाटतं. पण दोन पाइपांची टोकं नकाशात नीट टेकली नाहीत, केसाएवढी फट राहिली, तरी माग तिथेच मरतो, आणि ती फट शोधण्यात माणसाचा दिवस जातो. साहेब म्हणाले, ‘‘तुमचे मामेसासरेच आहेत तिथे, मग काय, तुमचं काम सोपं.’’ सोपं! सहा आठवडे मी जीपीएसचं यंत्र घेऊन त्या माणसामागून पाइपावरून चाललो. त्याच गोठ्यांतून, त्याच गडग्यांवरून. मामा सत्तरीचे, पुढे. मी मागे, धापा टाकत. ‘‘बसूया का जरा?’’ असं मी म्हणायचो, आणि मामा थांबायचे, पण बसायचे नाहीत.

कुठला व्हॉल कसा ठेवलाय ते मामांनी लिहून ठेवलं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरात, रोजच्या चौकोनात, पेन्सिलीने. फणसाखालचा लावला. मुका लावला. रुसका लावला. वर्षानुवर्षांची कॅलेंडरं खिळ्याला टांगलेली. मी त्यांचे फोटो काढून ऑफिसात आणले. निम्मे व्हॉल मी भरले, निम्मे आमच्या ऑफिसातल्या सुनंदाताईंनी. संगणकात प्रत्येक व्हॉलपुढे दोनच पर्याय : चालू नाहीतर बंद. मी ‘लावला’ वाचलं की ‘बंद’ लिहिलं. दार लावलं म्हणजे बंदच केलं ना? सुनंदाताईंनी ‘लावला’ वाचलं की ‘चालू’ लिहिलं. पंखा लावला म्हणजे चालू केला. आम्ही दोघं एकाच टेबलावर समोरासमोर बसून हे केलं, डबे वाटून खाल्ले, आणि एकानेही दुसऱ्याला विचारलं नाही.

मग ग्रामपंचायतीच्या सभागृहात पाणी समितीपुढे नकाशा दाखवायचा दिवस आला. शाळेचा पडदा, खुर्च्या, पहिल्या रांगेत मामा, मांडीवर चावी आडवी. मी ऐटीत टाकीवर क्लिक केलं. निळी रेघ निघाली, फणसाखाली आली, तिथे थबकली, आणि भलतीकडूनच उगवून बंद पडलेल्या जुन्या शाळेत शिरली. शाळेला पाणीच पाणी. खालची वाडी अर्धी निळी, अर्धी करडी. कातळवाडी सगळी करडी, आणि खाली ओळ आली : एकोणीस घरं, पुरवठा नाही. मग कातळवाडीची एक बाई पदर खोचून उठली आणि म्हणाली, ‘‘मंग सकाळी मी काय भरलं?’’

हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. मी घामाघूम. समितीला चहा पाजून कशीबशी वेळ मारून नेली आणि मामांना बाजूला घेतलं. ‘‘मामा, तुम्ही लावला लिहिलंय, म्हणजे काय? चालू की बंद?’’

‘‘लावला म्हंजे लावला.’’

‘‘अहो, पण चालू की बंद?’’

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझ्या घरच्या नळाबद्दल त्यांना आता शंका आली असावी. ‘‘जावईबापू, भजनाला बसताना मुरदुंग लावतात का नाय?’’

‘‘लावतात.’’

‘‘तवा तो चालू करतात का बंद करतात?’’

मी डोक्याला हात लावला. तेवीस व्हॉल, सगळे सुरात लावलेले. कुठला साडेतीनावर, कुठला नवावर, कुठला जेमतेम पाऊण. पुरता चालू त्यांच्या लेखी एकही नव्हता आणि पुरता बंदही नव्हता. आणि संगणकाला तर दोनच गोष्टी कळतात.

दुसऱ्या दिवशी साहेबांना विचारलं, आट्यांचा एक वेगळा रकाना वाढवू का? ते म्हणाले, ठरलेल्या नमुन्यात नाही, कशाला उगाच? पण साहेबांवर ढकलण्यात अर्थ नाही. मी अडून बसलो असतो तर ते नको म्हणाले नसते, रकाना वाढवायला दहा मिनिटं लागली असती. पण मग तेवीस व्हॉलचे आटे मामांबरोबर पुन्हा फिरून मोजायचे, तेही पावसाळ्याचे वेगळे, उन्हाळ्याचे वेगळे. माझे गुडघे बोलत होते. मी कंटाळा केला. सगळ्या व्हॉलपुढे ‘चालू’ लिहिलं, राहिलेल्या फटी सांधल्या, माग काढला आणि काय सांगू, टाकीपासून कातळवाडीच्या शेवटच्या घरापर्यंत निळंशार! पुन्हा सभा घेतली, समिती खूश, साहेब खूश. मामांनी पडद्याजवळ जाऊन रुसक्यावर बोट ठेवलं.

‘‘चित्र झ्याक हाय. रुसका किती आट्यांवर हाय ता कुठं लिवलंय?’’

‘‘आहे मामा,’’ मी म्हटलं. ‘‘आत आहे सगळं.’’

‘‘सगळं?’’

‘‘सगळं.’’

मामांनी मान हलवली. ‘‘मंग मी जायला मोकळा,’’ ते म्हणाले. मला तेव्हा नीटसं कळलं नाही. शिमग्याची पालखी अंगणात नाचून गेली, आणि दोन दिवसांनी मामांनी चावी गावातल्या सदानंदच्या हातात दिली, घराला कुलूप लावलं आणि ते डोंबिवलीला गेले. मी माझ्या कंटाळ्यावर त्यांना गाडीत बसवून दिलं होतं. बायको मला म्हणाली, ‘‘बरं झालं बाई, तुमच्या नकाशामुळे मामा सुटले एकदाचे.’’ मी ताटात बघून जेवलो.

सदानंद सरळ माणूस. वयाने माझ्याएवढा, सांगितलेलं ऐकणारा. महिनाभर मामांनी ठेवलं तसं चाललं. मग चैत्रात खालच्या वाडीत पाइप फुटला. त्याने मोबाइलवर नकाशा उघडला, नकाशाने रुसका बंद करायला सांगितला, त्याने केला. पाइप सांधला. मग नकाशात बघितलं, रुसक्यापुढे लिहिलंय ‘चालू’. सदानंदने चौदाच्या चौदा आटे उघडला. त्याचं काय चुकलं? कातळवाडी त्या दिवसापासून कोरडी. मामांच्या मुलाने गावाला बजावलेलं, बाबांना फोन करायचा नाही, त्यांना आता आराम हवा. म्हणून चौथ्या दिवशी सकाळी फोन आला तो मला. नकाशावर नाव माझं होतं ना!

मी गेलो. पाखाडी चढत होतो तर समोरून बायका रिकामे हंडे घेऊन उतरत होत्या, मागून भरलेले घेऊन चढत होत्या. कुणी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. सभेत उठलेली ती बाई टेकायला म्हणून हंडा गडग्यावर ठेवून उभी होती. मला बघून शांतपणे म्हणाली, ‘‘नकाशात येतंय ना पानी? मंग तितनंच भरू आमी.’’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हंड्यातून हिंदकळलेलं पाणी तिच्या कपाळावरून ओघळत होतं आणि ती ते पुसतसुद्धा नव्हती, वाया जाऊ नये म्हणून जिभेने ओठ ओले करत होती.

सदानंदकडून चावी घेतली. रुसका पुरता बंद करून मोजून साडेतीन आटे उघडला. पंधरा मिनिटं थांबलो. वर काही नाही. पुन्हा बंद, पुन्हा साडेतीन. नाहीच. हात सोलवटले. शेवटी मुलाचं बजावणं बाजूला ठेवून मी मामांना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

‘‘मामा, रुसका...’’

‘‘किती दिवस?’’

‘‘चार.’’

मग म्हणाले, ‘‘किती आट्यांवर हाय?’’

‘‘साडेतीन.’’

‘‘आता चैत हाय, जावईबापू. टाकी अर्धी असंल. मोजू नका आता. चावी तशीच ऱ्हाऊ दे, फोन दांड्याला टेकवा. आनी बोलू नका.’’

मी फोन लोखंडाला टेकवला. स्पीकर मोठा केला. वेड्यासारखं वाटत होतं. सदानंद तोंडाकडे बघत राहिला.

‘‘घरघरतंय,’’ फोन म्हणाला. ‘‘सगळं खाली पळतंय. पाव आटा आवळा.’’ आवळला. ‘‘आनी थोडा. थोडा म्हंजे थोडा हो, रहाट नाय फिरवायचा.’’ मी मूठ दोन बोटं सरकवली. ‘‘हां. आता बगा कसा दम खाल्लान.’’ मला काहीही वेगळं ऐकू येत नव्हतं. पण हळूहळू दांड्यातून हाताला एक बारीक थरथर कळायला लागली. जरा वेळाने पाखाडीच्या वरच्या टोकाकडून कुणीतरी ओरडलं, ‘‘आलं गो, आलं!’’ आणि मग घराघरातून भांड्यांचा आवाज.

मी फोन कानाला घेतला. ‘‘मामा, पोचलं.’’

‘‘आयकलं.’’

‘‘मामा, मी तुम्हाला खोटं सांगितलं. आटे नकाशात नव्हते. मी लिहिलेच नव्हते.’’

असू दे, असं मामा म्हणाले नाहीत. ‘‘आता लिवा,’’ म्हणाले. मी दुसऱ्याच दिवशी रकाना केला, कुणाला न विचारता. मामांनी फोनवर एकेक व्हॉल सांगितला आणि मी लिहिला, ते झालं. पण त्या सकाळी काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, ‘‘तिकडे पाणी कसं आहे?’’

‘‘हितं? चोवीस तास. फिरवला नळ की येतं. कोन सोडतो ता काय कळत नाय. वाचमनला इचारलं, त्यालापन ठाव नाय.’’

सदानंद वर बघायला गेला होता. ऊन चढत होतं. ‘‘बरं मामा, ठेवतो,’’ मी म्हटलं.

‘‘ठेवू नका,’’ मामा म्हणाले. ‘‘दांड्याला टेकवा परत. जरा ऱ्हाऊ दे तसाच.’’

मी फोन दांड्याला टेकवला आणि गडग्यावर बसलो. हात भरून आला तेव्हा दुसऱ्या हाताने धरला. पलीकडे मामांनी फोन ठेवलेला नव्हता. मीही ठेवला नाही.